बसणाऱ्याचं काळीज

काका खुर्च्यांच्या कारखान्यात बसायला होते. ‘कामाला होते’ म्हणायची रीत आहे, पण त्यांचं कामच बसणं, मग शब्दांचा उगाच घोळ कशाला? नवी खुर्ची तयार झाली की ती काकांपुढे यायची आणि काका तिच्यावर बसायचे. टिकली तर खुर्ची बाजारात जायची, मोडली तर काका जमिनीवर यायचे. वर्षानुवर्षं हा गृहस्थ बसून खात होता. बसून खाणाऱ्याला लोक नावं ठेवतात, पण यांना कोण काय बोलणार? त्याचाच तर पगार होता.

आणि बसणं म्हणजे नुसतं टेकणं नव्हे. दमलेला माणूस घरी येऊन बसतो ते वेगळं, आणि पाहुण्यांकडे आब राखून बसतो ते वेगळं. मागे रेलायचं, एका बाजूला कलंडून खिशातली किल्ली काढायची, खुर्चीचे पुढचे दोन पाय उचलून मागच्या दोनांवर झुलायचं, पोटभर जेवून पेंगायचं. माणसं खुर्चीचे जे जे हाल करतात ते सगळे काका एकटे, न रागावता करत. एकेका खुर्चीला अर्धा अर्धा तास देत. घाई त्यांच्या स्वभावात नव्हती आणि कंबरेतही नव्हती.

काका उंचीने दाराच्या चौकटीला भिडणारे आणि वजनाने एकशेवीस किलो. ना पाव किलो इकडे, ना पाव किलो तिकडे. मालकांच्या वडिलांनी हे हेरलं आणि ठरवून टाकलं, आपल्या कारखान्यात किलोबिलो नको, आपलं माप ‘काका’. स्टूल अर्धा काका, खुर्ची एक काका, सोफा तीन काका, अशी पट्टीच प्रत्येकाच्या बुडाला ठोकलेली असे. मग ते माप कारखानाभर पसरलं. लाकूड काकांवर यायला लागलं, भंगार काकांवर जायला लागलं. खुद्द मालक पाऊण काका भरत. हिशेबनीस बरोब्बर अर्धा काका होता आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. बिचाऱ्याच्या आयुष्यात पहिल्या फटक्यात जुळलेली तेवढी एकच गोष्ट.

घरी काका आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. आई गेली तेव्हा काका रांगत होते आणि अक्का शाळेत होती. तिने शाळा सोडून हातात पळी घेतली, ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. जगाचे काका तिच्यासाठी बाळ्याच. बाळ्याचं लग्न जमवायलाही तीच हिंडली. मुलीचा बाप विचारी, मुलगा काय करतो, आणि अक्का अभिमानाने सांगे, बसतो. त्याच्या पुढे बोलणी कधी गेली नाहीत. अक्काचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच, कारण ती गेली तर बाळ्याला वाढणार कोण?

मग एक दिवस अक्काचे डोळे पिवळे झाले. पाय सुजले, पोट फुगलं, आणि सकाळी चहा करताना तिला साखरेचा डबा कुठे असतो तेच आठवेना. स्वतःचं नाव विसरेल पण साखरेचा डबा विसरणारी ही बाई नव्हे.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं की अक्कांचं यकृत आकसून वातड झालंय, ते आता सुधारणारं नाही. नात्यातल्या कुणा धडधाकट माणसाच्या यकृताचा तुकडा कापून यांना बसवावा लागेल, आणि तेही तीन-चार महिन्यांत. त्यानंतर बसवायला अक्का उरणार नाहीत. यातलं शेवटचं वाक्य त्या फक्त काकांच्या कानाशी बोलल्या. अक्काने विचारलं, यकृत म्हणजे काय ग बाई? काळीज, असं उत्तर आलं.

“मग शोधताय कशाला? माझ्या काळजाचा तुकडा हा काय तुमच्या पुढ्यात उभा आहे,” अक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाई बोललेलं शब्दशः घेणाऱ्या. त्यांनी तिथल्या तिथे काकांना बाही वर करायला लावून रक्त काढून घेतलं.

रक्त जुळलं. काकांना वाटलं, सुटलो बाबा. पण मग त्यांना एका यंत्रात सरकवण्यात आलं, आणि यंत्राने काढलेलं चित्र बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. चित्र तेच राहिलं. काकांच्या काळजाचा तिसरा हिस्सा निव्वळ चरबी होती. शिवाय रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर एक पाय टाकून उभी, रक्तातली चरबी हवी त्याच्या दुप्पट, रक्तदाब चढेल. असलं काळीज कापलं तर तुम्हीही जायचे आणि अक्काही जायच्या, त्या म्हणाल्या. हे अक्काने पलंगावरून ऐकलं आणि तिला रागच आला.

“ती चरबी काही परकी नाही. माझ्याच हातची आहे. तशीच घाला.”

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं की तसं चालत नाही. अक्काला ते काही पटलं नाही. आपल्या हातचं जेवण इस्पितळाने परत पाठवलं, एवढंच तिने मनाला लावून घेतलं.

काकांनी औषध विचारलं. औषध नव्हतं. कमी खायचं, साखर आणि तळलेलं बंद, रोज भरपूर चालायचं आणि बसणं कमी करायचं. वजन दहाव्या हिश्श्याने उतरलं तरी पुष्कळ. पोटाकडे बघून हिरमुसू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट शेवटी जातं, काळजातली चरबी सगळ्यात आधी वितळते. काकांनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि मग अडचण सांगितली, की बाई, मी बसायलाच आहे. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हा माणूस एवढ्यातही थट्टा करतोय.

निघता निघता काकांनी मनातला प्रश्न विचारलाच. एकशेवीस किलो मी, आणि अक्का माझ्या निम्मी. मग काळीज तिचं कसं गेलं? डॉक्टरीणबाईंनी अक्काला विचारलं, तुम्ही काय जेवता? अक्का म्हणाली, काही नाही बाई, याचं झालं की उरेल ते.

आता एकशेवीस किलोच्या माणसासाठी केलेल्या जेवणातलं उरलेलं म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. कढईच्या तळाचं तेल, साईचं भांडं खरवडून काढलेली साय, पुडिंगच्या कडा, काल कुणी खाल्ले नाहीत म्हणून आज संपवायचे तळलेले बटाटे. तेही उभ्याने, घाईघाईत, अवेळी. जन्मभर वाया जाऊ नये म्हणून तिने जे जे पोटात घातलं ते तिच्या काळजात जाऊन बसलं होतं, आणि तिथे काट्यावर कोण बघतंय? खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं एकाने आणि खवखवलं दुसरीला. काका घरी जाऊन न्हाणीघराचं दार लावून रडले.

दुसऱ्या दिवसापासून काका अर्धंच जेवायला लागले. पण ताटात अर्धं राहिलं की ते कुणाच्या पोटात जाणार? अक्काच्या. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठीही पथ्य लिहून दिलं होतं, पण पथ्य वेगळं आणि अन्न टाकणं वेगळं, असं तिचं म्हणणं. खावं तर आपलं काळीज जातंय, ठेवावं तर तिचं. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी काकांनी अक्काच्या हातातली पळी काढून घेतली आणि स्वतः स्वयंपाक करायला लागले. उकडलेली अंडी, भाज्या, मूठभर भात, मोजून दोघांपुरतं. भांडी अशी रिकामी व्हायची की धुवायचीही लाज वाटावी. अक्का दारात खुर्ची टाकून बघत बसे आणि म्हणे, माझ्या घरात झाकण उघडलं तर आत काहीच नाही, लोक काय म्हणतील? तीन दिवस तिने अबोला धरला. चौथ्या दिवशी अंड्याला मीठ कमी पडलं म्हणून तोडला.

कारखान्यात वेगळाच पेच होता. काकांनी एका स्टुलावर बसून नीट विचार केला. पगार बसण्याचा, हे खरं. पण माणसाला पुन्हा बसायचं तर आधी उठावं लागतं, आणि त्यावर कारखान्याचा काही नियम नव्हता. झालं. अर्धा तास एका खुर्चीत रेलून काढणारे काका आता बसले की उठायला लागले आणि उठले की बसायला. शाळेत मास्तर याला उठाबशा म्हणत आणि शिक्षा म्हणून देत. काका याला कसून तपासणी म्हणू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांचे गुडघे असे बोलत की सुतारांना वाटे खुर्चीच मोडली, आणि चांगल्या चार खुर्च्या त्यात भंगारात गेल्या. पण साठलेला माल भराभर बाहेर पडायला लागला आणि मालक खूश झाले. काका चालत कामाला येत आणि चालत घरी जात. रोज सकाळी जाग आली की आधी कान देऊन ऐकत, स्वयंपाकघरात अक्काच्या सपातांचा आवाज येतोय का. आला की मग पांघरूण काढत.

मालकांचा आनंद फार टिकला नाही. एक काकाची पट्टी लावलेली एक खुर्ची कुणाच्या तरी सासऱ्यांसकट खाली आली आणि परत आली. खुर्ची म्हणतोय मी, सासरे नव्हे. मालकांनी काकांना काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “काका, तुम्ही उतरताय,” ते म्हणाले, आणि तेही अशा आवाजात, की जणू काकांनी गल्ल्यात हात घातलाय.

काकांनी अक्काची सगळी हकिगत सांगितली. मालक काही उलट्या काळजाचे नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं. पण बाजारात लाखभर खुर्च्या एक काका म्हणून हिंडत होत्या, त्यांचं काय करायचं? त्यांनी सोफ्याच्या कापडाचं एक जाकीट शिवून घेतलं, त्याला बारा खिसे लावले, आणि काका जेवढे उतरलेत तेवढी वाळू त्यात भरली. म्हणजे माप पुन्हा एकशेवीस. फक्त उठाबशा तेवढ्या आता वाळूसकट.

वाळू पाठीवर घेऊन दिवसभर उठबस करणाऱ्याचं जे व्हायचं तेच झालं. काका दुपटीने उतरायला लागले. ते उतरले म्हणून मालकांनी आणखी वाळू घातली. आणखी वाळू घातली म्हणून ते आणखी उतरले. सुतारखात्यातली एवढी शहाणीसुरती माणसं रोज हे बघत होती, पण कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मालकांना तर वाटलं की वाळूच कुठे गळतेय, म्हणून त्यांनी खिशांना दुहेरी शिवण घालून घेतली. काकांना कळत होतं, पण ते कशाला सांगतील? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशातली गत.

दुसरा उपाय म्हणून मालकांनी रोजच्या चहाबरोबर काकांना केकची थाळी लावून दिली, कामाचा भाग म्हणून. नाही म्हणायची सोय नव्हती. काका ती थाळी हळूच हिशेबनिसाच्या टेबलावर सरकवत. हिशेबनीस कुठलीच गोष्ट शिल्लक ठेवायचा नाही.

अखेर मालकांचा धीर सुटला. त्यांनी काकांना बोलावून स्पष्ट सांगितलं की महिनाअखेर एकशेवीस भरा, नाहीतर घरी बसा. बिनपगारी बसणं काय असतं ते काकांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तरी ते वाळूसकट ताठ उभे राहिले.

“मालक, माप दुसरं मिळेल. अक्का नाही मिळणार.”

तेवढ्यात हिशेबनीस आत आला. त्याचा चेहरा उतरला होता, बाकी काही उतरलं नव्हतं. तो आदल्या दिवशी काट्यावर उभा राहिला होता आणि अर्ध्या काकाऐवजी जवळजवळ पाऊण काका भरला होता. रात्रभर डोकं खाजवून त्याने या सगळ्याचा अर्थ लावला होता. त्याचं म्हणणं असं, की माप कधी बदलत नसतं. बदललं तर ते माप कसलं? तेव्हा काका काही उतरलेले नाहीत. बाकीचं जग जड झालंय. याला पुरावा काय, तर तो स्वतः.

ऐकायला वेड्यांचा बाजार वाटतो, पण मालकांच्या मनात ते घर करून बसलं. त्यांनी स्वतःला काकांच्या हिशेबात मोजून घेतलं. पाऊण काकावरून ते चार पंचमांश काकापर्यंत पोचले होते, आणि तेही एक घास जास्त न खाता. हे असंच चाललं तर वर्षअखेर ते अख्खे काका होणार होते. मालकांना दरदरून घाम फुटला. त्यांनी त्याच दिवशी भोंगा वाजवून हुकूम काढला की सगळा कारखाना जड झालेला असून, काकांचं माप स्थिर धरून, प्रत्येकाने आपापलं जुनं प्रमाण गाठावं.

मग काय विचारता. जेवणाच्या सुट्टीत सुतार, पॉलिशवाले, गाठोडी बांधणाऱ्या बायका, मालक, सगळे आवारात गोल गोल चालायला लागले. केक बंद झाला, चहातली साखर निम्म्यावर आली. सगळ्यात पुढे काका वाळूचं जाकीट घालून, मागे मालक, आणि सगळ्यात मागे धापा टाकत हिशेबनीस. पण गंमत अशी, की कारखाना उतरायला लागला तसे काकाही उतरतच होते, त्यामुळे प्रमाण काही कुणाला गाठता येईना. सगळे जीव तोडून चालत आणि दर सोमवारी काट्यावर आहेत तिथेच असत. मालकांची साखर मात्र या भानगडीत सुधारली. पॉलिशवाल्याची रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. कशामुळे, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती, कारण त्यांच्या मते ते हरत होते. काकांना घरी बसवायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

इकडे अक्काचं पाऊल दिवसेंदिवस जड पडत होतं. सपातांचा आवाज येईनासा झाला, कारण ती आता उठतच नव्हती. तिला इस्पितळात ठेवलं. काका संध्याकाळी तिच्या उशाशी उभे राहत, खुर्ची दिली तरी बसत नसत. ती डोळे मिटून असली की त्यांचा जीव टांगणीला लागे.

ठरलेल्या दिवशी काकांना पुन्हा यंत्रात सरकवलं. या वेळी ते जरा सैल बसले. वजन एकशेपाचच्या आसपास, पोट अजून चांगलंच दिसण्याजोगं. पण डॉक्टरीणबाईंनी चित्र बघितलं आणि चष्मा पुसायचं काम पडलं नाही. काळजातली चरबी तिसऱ्या हिश्श्यावरून विसाव्या हिश्श्यावर आली होती. साखर उंबरठ्यावरून मुकाट मागे फिरली होती. रक्तातली चरबी निम्मी झाली होती, रक्तदाब जागेवर होता. डॉक्टरीणबाई हसल्या, आणि त्यांना हसताना इस्पितळात कुणी बघितलेलं नव्हतं. हे काळीज मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे, त्या म्हणाल्या, इतकं सुरेख झालंय. काकांची छाती फुगली. ते तडक अक्काकडे गेले आणि शब्दन् शब्द तिला सांगितला.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. बाळ्याकडे नखशिखान्त बघितलं. मग दुपारी डॉक्टरीणबाई संमतीचा कागद घेऊन आल्या तेव्हा तिने हात पांघरुणात घातले.

“मला नको,” ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, भ्रम झाला. पण तिचं डोकं त्या दिवशी अगदी स्वच्छ होतं. तिने सांगितलं की तेव्हा चरबी भरलेलं होतं, वाईट होतं, तेव्हा मी घ्यायला तयार होते, तेव्हा तुम्ही दिलं नाहीत. आता एवढं चांगलं झालंय. पोराने रक्ताचं पाणी करून सुधारलंय. ते सोन्यासारखं काळीज कापून माझ्यात कशाला घालता? त्याच्यातच राहू दे.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की काळीज कापलं तरी पुन्हा वाढतं. अक्का म्हणाली, वाढेल तेव्हा वाढेल, आज तर कापणारच ना? मालक भेटायला आले होते, त्यांनी सांगून बघितलं. हिशेबनिसाने आकडे मांडले. काका रागावले, हातापाया पडले, मी जेवणार नाही म्हणाले. अक्का म्हणाली, त्याने तुझी साखर आणखी छान राहील. आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

काका बाहेर आले. डॉक्टरीणबाईही आल्या. त्यांनी सांगितलं की आता दिवसांचा प्रश्न आहे, आणि जबरदस्तीने आम्हाला काही करता येत नाही. त्या बिचाऱ्या समजावणीच्या सुरात हेही म्हणाल्या, की खरं तर मोठा भाग अक्कांनाच जाणार आहे, तुमच्याकडे छोटा राहील, तेवढ्यावर तुमचं भागतं. काका भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. या बाईने आजवर करपलेला पाव घेतला तो स्वतःला. कान तुटलेला कप स्वतःला. सफरचंद कापलं तर डागाळलेली फोड तिची. चांगली वस्तू तिच्या हातात ठेवली की ती दुसऱ्या कुणाला द्यायला निघायची. आणि आपण मूर्ख, आपण तिला सांगत बसलो, किती सुरेख झालंय म्हणून.

काकांनी डोळे पुसले आणि आत गेले. अक्काशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते, बोलायची गरजच पडली नव्हती. पहिल्यांदाच पलंगाशेजारच्या खुर्चीत ते आवाज न करता बसले.

“अक्का, माझं डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं. चांगला भाग माझ्यातच ठेवणारेत. तुझं ऐकलं त्यांनी.”

अक्काने मान वळवली. “मग कापताहेत कशाला?”

“साफसफाई करायची आहे. कडेचा जो भाग आहे, तो काढावाच लागणार.”

“तो चांगला नाही?”

“बरा आहे. पण दुसऱ्या कुणाला चालणारा नाही.”

“मग त्याचं काय करणार?”

“काय करणार,” काका म्हणाले. “टाकून देतील.”

कितीतरी दिवसांत जी बाई आधाराशिवाय कुशीवर वळली नव्हती ती कोपरावर जोर देऊन अर्धी उठली. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. अक्काने त्यांना विचारलं, हा म्हणतो ते खरं का, टाकून देणार? डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या, हे वर सांगितलंच आहे. त्यांनी काकांकडे बघितलं, मग पायाखालच्या फरशीकडे बघितलं, आणि हो म्हणाल्या.

“काय माणसं आहात,” अक्का म्हणाली. “आणा तो कागद इकडे.”